गृहविज्ञानाचं प्रात्यक्षिक पहिल्यांदा घेताना: स्वयंपाक, शिवण आणि हिशेब

माध्यमिक शाळेत गृहविज्ञानाचे तास नव्याने हाती घेणाऱ्यांची तयारी बहुतेक वेळा 'काय करून घ्यायचं' इथून सुरू होते. ती 'घंटा वाजेल तेव्हा खोली कशी दिसायला हवी' इथून सुरू करा. प्रात्यक्षिकं बिघडतात ती पदार्थ अवघड असतो म्हणून क्वचितच. बिघडतात ती शेवटच्या दहा मिनिटांत, जेव्हा ओव्हनमध्ये काहीतरी अर्धं भाजलेलं असतं, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग असतो आणि पुढचा वर्ग दारात उभा असतो. म्हणून तासाचा आराखडा शेवटाकडून उलटा मांडायचा. खालची सगळी मापं आणि वेळा त्याच हिशेबाने दिल्या आहेत.

वर्ग सुरू होण्याआधी

चार-चारचे गट करा. तिघांच्या गटात एक जण गैरहजर राहिला की काम अडतं, आणि पाच जणांत एक जण हमखास नुसता उभा राहतो. प्रत्येक गटात चार कामं वाटायची: एक मुख्य, जो कृती मोठ्याने वाचतो आणि घड्याळ बघतो, एक सामान आणणारा, एक शिजवणारा आणि एक स्वच्छता बघणारा. कामं दर प्रात्यक्षिकाला फिरली पाहिजेत, आणि कोणाकडे काय आहे ते भिंतीवर लिहिलेलं हवं. नाहीतर शिजवायला नेहमी तीच दोन मुलं पुढे होतात आणि भांडी घासायलाही नेहमी तीच दोन उरतात. सामान आणायला गटातून एकानेच उठायचं. खोलीतली अर्धी गर्दी या एका नियमाने कमी होते.

पहिल्याच आठवड्यात पालकांकडून ॲलर्जीची माहिती लेखी मागवा. तोंडी विचारलं तर मुलं लाजून 'काही नाही' म्हणतात. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जलचर, शेंगदाणे, बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा, गहू, सोयाबीन आणि तीळ ही नावं फॉर्मवर छापूनच द्या, म्हणजे नुसती खूण करायची राहते. एखाद्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असेल तर त्या वर्गासाठी शेंगदाणा खोलीत आणायचाच नाही. त्या मुलाला वेगळ्या ओट्यावर बसवणं पुरेसं नसतं, कारण चमचे, फडकी आणि हात सगळ्या खोलीभर फिरतात.

खोलीत चालू स्थितीत हव्यात अशा वस्तू थोड्याच आहेत: आगीवर टाकायचं अग्निरोधक कापड, अग्निशामक नळकांडं, प्रथमोपचार पेटी, अन्नाचं तापमान मोजणारा टोचायचा थर्मामीटर आणि ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा. थर्मामीटर बरोबर दाखवतो का हे बघायला पेलाभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून ढवळा आणि टोक मधोमध धरा. आकडा ० अंश सेल्सिअसवर आला पाहिजे. टोक पेल्याच्या तळाला टेकलं तर मोजणी चुकते.

पहिला तास: हात, मापं आणि चूल न पेटवता शिकण्यासारखं बरंच काही

पहिल्या तासाला उष्णता नकोच. साबणाने हात किमान २० सेकंद चोळून धुवायला शिकवा. बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचा मागचा भाग आणि नखांची टोकं या तीन जागा नेहमी सुटतात. केस बांधलेले, बाह्या वर केलेल्या, ॲप्रन घातलेला, आणि ओल्या फडक्याने गरम भांडं धरायचं नाही. ओल्या कापडातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि कोरड्या कापडापेक्षा कितीतरी लवकर हात भाजतो.

मग मापं. चहाचा मापाचा चमचा ५ मिली आणि मोठा चमचा १५ मिली असतो. कप मात्र कुठल्या पद्धतीचा आहे ते तपासून घ्या, कारण काही संच २४० मिलीचे तर काही २५० मिलीचे असतात. आता प्रत्येक गटाला एक कप मैदा दोन पद्धतींनी मोजायला सांगा. एकदा मैदा हलका करून चमच्याने कपात भरायचा आणि सुरीच्या पाठीने वरून सपाट करायचा, आणि एकदा कप थेट पिशवीत खुपसून दाबून भरायचा. दोन्ही काट्यावर ठेवले की पहिला १२० ते १२५ ग्रॅमच्या आसपास येतो आणि दुसरा १५० च्या पुढे जातो. आकडे फळ्यावर लिहा. कृती तीच असून एका गटाचा केक कोरडा आणि दुसऱ्याचा बरा का होतो, हे पुढे वेगळं समजवावं लागत नाही. द्रव पदार्थ मोजताना भांडं ओट्यावर ठेवून डोळा रेषेच्या पातळीला न्यायचा. हातात उचलून धरलेलं भांडं तिरकं होतंच.

दुसरा तास: सुरी

सुरी धारदारच हवी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती घसरते आणि जखमही खोल होते. धरताना अंगठा आणि तर्जनीने पात्याची मुळाकडची बाजू चिमटीत घ्यायची, उरलेली तीन बोटं मुठीवर. दुसऱ्या हाताची बोटं आत वळवलेली, म्हणजे पातं बोटांच्या पेरांना टेकून सरकतं आणि नखं मागे सुरक्षित राहतात. चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं पसरा, पाट हलणार नाही. सरावाला गाजर चांगलं असतं. पण गोल गाजर लोळतं, म्हणून आधी एका बाजूने पातळ काप काढून सपाट बूड तयार करायचं आणि त्यावर टेकवून मग चिरायचं. ५ मिलीमीटरचे चौकोनी तुकडे सांगा आणि पट्टी ठेवून मोजा. एकसारखे तुकडे दिसायला छान असतात ते सोडा, खरं कारण ते एकाच वेळी शिजतात हे आहे.

सुऱ्यांचे दोन नियम मोडू द्यायचे नाहीत. साबणाच्या पाण्यात सुरी बुडवून सोडायची नाही, फेसाखाली ती दिसत नाही. आणि सुऱ्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. संख्या जुळल्याशिवाय कोणी खोलीबाहेर जायचं नाही.

तिसरा तास: एकाच घोळातून तीन मफिन

उष्णतेचं पहिलं प्रात्यक्षिक म्हणून मफिन निवडण्याचं कारण सोपं आहे. इथे चूक मुद्दाम करून बघता येते, आणि ती कापल्यावर डोळ्यांना दिसते.

बारा मफिनसाठी मैदा २५० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, बेकिंग पावडर ३ चहाचे चमचे, मीठ अर्धा चहाचा चमचा, एक अंडं, दूध २४० मिली आणि तेल ६० मिली लागतं. ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर. तो तुम्ही वर्ग सुरू होण्यापूर्वी १५ मिनिटं लावून ठेवा, मुलं येईपर्यंत थांबू नका.

कोरडं साहित्य एका मोठ्या भांड्यात एकत्र करा, ओलं दुसऱ्या भांड्यात फेटून घ्या. ओलं कोरड्यात एकदम ओता आणि लाकडी चमच्याने तळापासून वर उचलत फक्त १५ वेळा ढवळा. घोळ गुठळ्यांचा दिसेल. मुलं म्हणतील की झालं नाही. झालं आहे, थांबा. त्यातून पहिल्या ओळीचे चार साचे भरा. उरलेला घोळ एकूण ४० फेरे होईपर्यंत ढवळून दुसरी ओळ भरा, आणि राहिलेला १०० पर्यंत नेऊन तिसरी. हे सगळं तीन-चार मिनिटांत उरकायला हवं, कारण ओलं लागताक्षणी बेकिंग पावडरचं काम सुरू होतं आणि वायू निसटायला लागतो. कुठली ओळ कुठली, हे कागदावर साच्याचं चित्र काढून लिहून ठेवा. भाजल्यावर तिन्ही वरवर सारखे दिसू शकतात आणि मग वाद होतात.

१८ ते २० मिनिटांनी मधोमध टोचलेली काडी कोरडी बाहेर आली की काढा, पाच मिनिटं निवू द्या, उभे कापा. १५ फेऱ्यांचा मफिन आतून बारीक, एकसारख्या जाळीचा आणि मऊ असतो. १०० फेऱ्यांच्या मफिनचं टोक उंच होतं, आत वरच्या दिशेने गेलेली लांबट भोकं दिसतात आणि चावायला तो रबरासारखा चिवट लागतो. पिठातली दोन प्रथिनं पाण्यात भिजून आणि घोळल्यामुळे एकमेकांना जोडली जातात, त्यांचं ग्लुटेनचं जाळं बनतं. जितकं ढवळाल तितकं ते घट्ट. पावासाठी हेच जाळं हवं असतं, म्हणून तिथे कणीक बराच वेळ मळतात, आणि मफिनला ते नको असतं. हा फरक मुलांनी स्वतः शोधून सांगेपर्यंत थोडं थांबा, उत्तर फळ्यावर लिहून टाकू नका.

कच्चा घोळ चाटू द्यायचा नाही. अंड्यामुळे नको हे मुलांना ठाऊक असतं, पण कच्च्या पिठातही रोगजंतू असू शकतात हे बहुतेकांना नवीन असतं.

५० मिनिटांचा तास असेल तर उलटा आराखडा असा बसतो. शेवटची ५ मिनिटं तपासणी, त्याआधीची ७ कापणं, चाखणं आणि नोंद, त्याआधी १८ ते २० भाजणं (याच वेळात सगळी भांडी घासून, पुसून, जागेवर), त्याआधी ५ मिसळणं, ८ ते १० मोजणं, आणि अगदी सुरुवातीची ५ हात-ॲप्रन. तास ४० मिनिटांचाच असेल तर कोरडं साहित्य आदल्या दिवशी मोजून झाकणाच्या डब्यांत भरून ठेवा. भाजण्याचा वेळ कमी करायचा मोह होतो. ओव्हन ४० अंशांनी वाढवून वेळ वाचत नाही, बाहेरून करपतं आणि आत ओलं राहतं.

पेट आणि पोळणं

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर आधी आच बंद, मग झाकण सरकवत वर ठेवायचं आणि भांडं हलवायचं नाही. पाणी कधीच नाही. ते तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जातं, तिथे एकदम वाफ होते आणि वाफ झाल्यावर पाण्याचं आकारमान सुमारे १७०० पट होतं. पेटतं तेल चहूकडे उडतं ते त्यामुळे. झाकण न घेता तळणीपाशी कोणाला उभं राहू देऊ नका, झाकण नेहमी हाताशी.

हात भाजला तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली, २० मिनिटं. मुलं एका मिनिटात हात काढतात, म्हणून सोबत कोणीतरी घड्याळ घेऊन उभं राहावं. बर्फ, टूथपेस्ट, तेल, लोणी यातलं काहीही लावायचं नाही. अंगठी-घड्याळ सूज येण्याआधी काढून घ्या.

शिजवलेलं अन्न

५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेला पदार्थ या पट्ट्यात दोन तासांहून जास्त ठेवायचा नाही. फ्रीज ५ अंशांच्या खाली आणि फ्रीझर उणे १८ वर असावा. कोंबडीचं मांस सगळ्यात जाड भागात ७४ अंशांवर पोचलं पाहिजे, आणि टोक हाडाला टेकलं तर आकडा फसवा येतो. मुलांना भाताचं उदाहरण द्या, कारण भात कोणालाच धोक्याचा वाटत नाही. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात पातळ थर करून लवकर गार करायचा आणि फ्रीजमध्ये टाकायचा.

शिवण: आधी दोरा न ओवता

शिवणयंत्रासमोर नवीन मुलाला बसवलं की त्याचं सगळं लक्ष सुईकडे जातं आणि पाय पॅडलवर जोरात दाबला जातो. म्हणून पहिला सराव दोऱ्याशिवाय, कागदावर. एका कागदावर सरळ रेषा, दुसऱ्यावर कोपरे असलेली चौकोनी भोवऱ्याची आकृती, तिसऱ्यावर वळणं. सुईने पडलेली भोकं रेषेवर आली का ते बघायचं. कोपऱ्यावर सुई खाली रुतवून ठेवायची, मगच फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा यंत्राचा भाग) उचलून कागद वळवायचा. हा कागद झाला की ती सुई काढून टाका. कागदाने ती बोथट होते.

सुईचा नंबर कापडावर ठरतो. पातळ सुती कापडाला ७०, मध्यम सुतीला ८०, जाड कापडाला ९०, डेनिमला १००. ताणल्या जाणाऱ्या विणलेल्या कापडाला गोल टोकाची वेगळी सुई लागते. तीक्ष्ण सुई त्यातले धागे तोडते आणि मग टीप मधेच सुटते. घरगुती यंत्रात सुईची सपाट बाजू बहुतेक वेळा मागे असते, पण तुमच्या यंत्राची पुस्तिका एकदा बघून घ्या. सुई उलटी बसली तर टाका पडतच नाही आणि मुलं दोऱ्याला दोष देत बसतात. साधारण आठ तास शिवण झाली की सुई बदलायची.

वर्गात सगळ्यात जास्त वेळ ज्यात जातो ती तक्रार एकच: कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता. सगळे बॉबिनकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाकडे बघतात, कारण गुंता खाली असतो. दोष मात्र जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा ओवताना फूट खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यात शिरत नाही, त्याला ताण बसत नाही आणि तो खाली ढिला साठत जातो. उपाय: दोरा पूर्ण काढा, फूट वर करा, चाक फिरवून दोरा ओढणारी दांडी सगळ्यात वर आणा आणि पहिल्यापासून पुन्हा ओवा. ताणाच्या बटणाला त्याआधी हात लावू नका. ते फिरवून झालं की मग नेमकं काय चुकलं होतं ते कळायचा मार्गच बंद होतो. हे वाक्य प्रत्येक यंत्रावर चिकटवून ठेवावं अशा लायकीचं आहे.

पहिली वस्तू: नाडीची पिशवी

ही चार-पाच तासिकांत होते आणि शिवणीतले मूळ प्रकार जवळजवळ सगळे यात येतात. सुती कापड ३४ सेंटिमीटर रुंद आणि ८४ लांब. कापण्याआधी ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर पिशवी वेडीवाकडी होते.

कडांना झिगझॅग टीप मारून घ्या. सुलट बाजू आत ठेवून कापड लांबीत अर्ध्यावर दुमडा, घडी खाली, उघडी टोकं वर. वरच्या टोकापासून ८ सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना खडूने खूण करा. या खुणेचा अर्थ मुलांना आधीच समजावून द्या, कारण सगळ्यात मोठी चूक इथे होते: उत्साहात बाजूची शिवण थेट वरपर्यंत मारली जाते, नेफ्याचं तोंड बंद होतं, आणि मग उसवत बसावं लागतं.

टाचण्या कडेला काटकोनात लावा, सुई जवळ आली की काढा. टाचणीवरून शिवलं तर सुई तुटून तुकडा उडू शकतो. घडीपासून ८ च्या खुणेपर्यंत, कडेपासून १.५ सेंटिमीटर आत, २.५ मिलीमीटर लांबीचा टाका. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलटे मारून शिवण पक्की करा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग शिवणीचं मार्जिन दोन्हीकडे उघडून इस्त्री करा. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची, घासली तर कापड ताणतं.

खुणेच्या वर जो न शिवलेला भाग राहिला, त्याच्या चारही कडा तेवढ्याच १.५ सेंटिमीटर आत दुमडून टीप मारा. आता वरची कड आधी १ आणि मग ३ सेंटिमीटर दुमडा, आतल्या घडीच्या अगदी कडेला टीप मारा. समोरचा आणि मागचा नेफा वेगवेगळा शिवायचा, दोन्ही एकात एक शिवले जाणार नाहीत याकडे लक्ष द्या. तयार पिशवी ३१ रुंद आणि ३८ उंच येते. मुलांना हे आकडे शिवायच्या आधी वहीत काढायला लावा. ८४ मधून दोन्ही टोकांचे ४-४ वजा केले आणि निम्मे केले, हे ज्याला जमलं तो पुढे स्वतःच्या मापाची पिशवी बेतू शकतो.

नाड्या दोन, प्रत्येकी ८५ सेंटिमीटर. सेफ्टी पिन लावून एक डावीकडून दोन्ही नेफ्यांतून फिरवून डावीकडेच बाहेर काढा, दुसरी उजवीकडून. दोन्ही ओढल्या की तोंड मिटतं.

हिशेबाचे तास

या तासांना सामान लागत नाही म्हणून ते बऱ्याचदा उरकले जातात. दोन गणितं मात्र नक्की करून घ्या. पहिलं खरेदीचं: मोठं पाकीट ग्रॅममागे २० टक्के स्वस्त आहे, पण त्यातला चौथा भाग खराब होऊन फेकला जातो. मग खाल्लेल्या प्रत्येक ग्रॅमची किंमत ०.८० भागिले ०.७५, म्हणजे जवळपास ७ टक्के जास्तच पडली. दुसरं कर्जाचं: ७२ ला वार्षिक व्याजदराने भागलं की चक्रवाढीने रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण मिळतात. बचतीवर ८ टक्के असतील तर ९ वर्षं, न फेडलेल्या उधारीवर २४ टक्के असतील तर ३. मोठ्या दरांना हे उत्तर थोडं ढोबळ येतं, पण उधारी किती वेगाने वाढते ते समजायला तेवढं पुरतं.

घरखर्चाचं अंदाजपत्रक करून घेताना मुलांना महिन्याच्या मधे एक बंद पाकीट द्या, ज्यात अचानक आलेला खर्च लिहिलेला असेल. सगळी रक्कम वाटून झालेल्यांना तेव्हा कुठूनतरी काढावी लागते. त्यांनी काय कापलं आणि का, एवढंच विचारा.

गुण कसे द्यायचे

चवीला गुण देऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. चव ओव्हनवर, अंड्याच्या आकारावर आणि तपासणाऱ्याच्या जिभेवर अवलंबून असते. शंभरातले ४० कामाच्या पद्धतीला द्या (मोजणं, सुरी, क्रम, सुरक्षितता), २० स्वच्छतेला, २० वहीतल्या नोंदीला आणि २० 'बिघडलं असेल तर का' या प्रश्नाच्या उत्तराला. फसलेल्या मफिनचं कारण बरोबर सांगणाऱ्या मुलाला योगायोगाने चांगला मफिन झालेल्या मुलापेक्षा जास्त गुण मिळाले तर तक्रारी येतील. त्यासाठी ही वाटणी सत्राच्या पहिल्या दिवशी छापून भिंतीवर लावलेली असू द्या.

गैरहजर राहिलेल्यांसाठी तोच तास पुन्हा घ्यायची गरज नसते. घरी केलेल्या कामाचा फोटो गुणांसाठी धरू नका, केलं कोणी ते कळत नाही. त्याऐवजी पुढच्या तासाला तोच टप्पा लहान प्रमाणात करून दाखवायला सांगा: एक कप मैदा मोजून दाखव, गाजराचे दहा तुकडे कर, दोरा काढून पुन्हा ओवून दाखव. पाच मिनिटं लागतात, आणि येतं की नाही ते समोर दिसतं.